सीट बेल्ट आईच्या मानेला घासतो, काखेतून घेतला तर चालेल का?

दापोलीकरीण

नमस्कार मंडळी. प्रश्न छोटा वाटेल, पण आमच्याकडे गाडी काढली की यावरून भांडण ठरलेलं.

गाडी छोटी, पाच दारांची, सात-आठ वर्षं जुनी. चालवते मीच. आई सत्तरीच्या पुढे, उंची जेमतेम पावणेपाच फूट, अंगावर कायम सुती साडी. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तिला अधूनमधून चिपळूणला न्यावं लागतं. पुढे बसली की बेल्ट थेट तिच्या गळ्यावर येतो. मग ती तो काखेखालून घेते आणि खुशाल बसते. बोलले की म्हणते, "अपघाताचं राहू दे, तुझ्या या पट्ट्यानेच मी आधी मरेन." शेजारच्यांनी प्लास्टिकची एक क्लिप दिलीय, ती लावली की बेल्ट सैल राहतो. आईला ती फार आवडली. मला धाकधूक वाटते.

दुसरं म्हणजे धाकटी बहीण बाळंतपणाला येतेय, सातवा संपत आला. खेड स्टेशनवरून तिला आणायचं आहे. तिच्या सासूबाईंचा फोन आला होता, "पोटावर पट्टा बांधू नका हं." आता बांधू की नको?

आणि तिसरं. आमचं घर उतारावर आहे. अंगणात गाडीत बसून बेल्ट ओढला की मध्येच अडकतो, हलत नाही. तोच बाजारात सपाटीवर मुकाट निघतो. बिघडलाय का?

मुंबईचा पावणा

सोप्पं आहे. आईला मागे बसवा, मागे बेल्टची भानगड नाही. गावात कोण बघतंय?

घाटउतार

पावणे, तुमच्यापासूनच सुरुवात करतो, नाहीतर कोणीतरी वाचून तसंच करेल. पुढे तोंड असलेल्या मागच्या सीटवरही बेल्ट सक्तीचा आहे, आजचा नाही, बरीच वर्षं. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४-ब खाली दंड १००० रुपये. पण दंडाचं सोडा. ४ सप्टेंबर २०२२ ला उद्योगपती सायरस मिस्त्री गेले ते आपल्याच पालघरात, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर. गाडी महागातली. मागे बसलेले दोघे गेले, पुढचे दोघे जबर जखमी झाले पण वाचले. मागच्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते असं पोलीस तपासात पुढे आलं. मागचा माणूस मोकळा असला की धडकेत तो पुढच्या सीटवर जाऊन आदळतो, म्हणजे पुढच्याचाही जीव धोक्यात. कोण बघतंय म्हणता, पण कठड्याला कुठे डोळे असतात?

आता ताई तुमचं.

मी चिपळुणातून टुरिस्ट गाडी चालवतो. विमानतळ, गणपतीतले चाकरमानी, लग्नाची वऱ्हाडं, दवाखाने. म्हातारी माणसं गाडीत रोजची. त्यांना मी एवढंच सांगतो की बेल्ट हाडावर बसला पाहिजे, मांसावर नाही. बाकीचं सगळं त्यातूनच निघतं.

ताशी ५० च्या वेगात गाडी एकदम थांबली तर अंगाला बसणारा हिसका साधारण दहा मीटरवरून, म्हणजे चांगल्या वाढलेल्या माडाच्या शेंड्यावरून खाली पडल्याएवढा. तेवढा भार कशावर घ्यायचा ते ठरवणं हेच बेल्टचं काम. अंगात तो भार सोसतील अशा जागा मोजक्याच. कमरेच्या पुढे दोन्ही बाजूंना बोटांना लागतात ती हाडं, छातीचं मधलं हाड आणि खांद्याकडे जाणारं कॉलरबोन. खालचा पट्टा कमरेच्या हाडांवर, जवळजवळ मांड्यांच्या सुरुवातीला. वरचा पट्टा मान आणि खांद्याचं टोक यांच्या मधोमध उतरून छातीच्या मधून पलीकडच्या कमरेला.

काखेखालून घेतला की वरचा भार येतो खालच्या बरगड्यांवर. म्हातारपणी त्या ठिसूळ, आणि त्यांच्याच आड यकृत आणि प्लीहा. शिवाय खांदा मोकळा राहतो, म्हणजे डोकं आणि छाती पुढे फेकली जाणार ती जाणारच. मानेला घासणारा पट्टा त्रासदायक आहे, मान्य. पण काखेतला पट्टा त्याहून कितीतरी वाईट. पाठीमागून घेतला तर वरचा पट्टा असून नसल्यासारखाच.

ती क्लिप आजच काढून टाका. बेल्ट मुद्दाम सैल ठेवायची वस्तू आहे ती. बेल्ट आणि अंग यांच्यात जेवढी ढिलाई, तेवढं माणूस आधी सुसाट पुढे जातो आणि मग पट्ट्यावर आपटतो. बेल्ट न लावता नुसतंच बकलात खुपसायचं दुसरं एक धूड मिळायचं, ट्याँ ट्याँ वाजू नये म्हणून. तसली विकणाऱ्या पाच मोठ्या ऑनलाइन कंपन्यांना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये विक्री थांबवायला लावली. आमच्या ओळखीच्या गाड्यांत अजून दिसतात. हजारोंची म्युझिक सिस्टिम असते आणि बकलात ते खोटं जिभाड.

आता आईंसाठी काय करायचं.

आधी दरवाजामधल्या खांबावर बघा, जिथून बेल्ट निघतो तिथे. बटण असेल तर ते दाबून कडी खाली सरकवा. बऱ्याच गाड्यांत ते असतं आणि मालकाला पत्ता नसतो. आई बुटक्या आहेत, तर सगळ्यात खालचा खाचा. सोडल्यावर टक् करून बसली ना, ते हलवून बघा.

बटण नसेल तर सीट थोडी मागे-पुढे करून बघा, पट्टा खांद्यावर कुठून उतरतो ते बदलतं. पुढच्या डाव्या सीटला उंचीचा खटका असेल तर वर घ्या, पण छोट्या गाड्यांत तो बहुतेक ड्रायव्हरपुरताच. मागच्या सीटवर पट्टा निघायची जागा वेगळी असते, तिथे बसवून बघा, कधीकधी बुटक्या माणसाला बरा बसतो. मधल्या जागेवर मात्र नको. जुन्या गाड्यांत तिथे नुसता कमरपट्टा असतो, खांद्याचा नसतोच.

उशी घालू नका. मऊ उशी धडकेत दबते, माणूस खाली सरकतो आणि कमरेचा पट्टा पोटावर चढतो. टॉवेलची घडीही नको, तीही ढिलाईच. पातळ सुती कापड पट्ट्यावर गुंडाळून मानेची जळजळ थांबत असेल तर माझी हरकत नाही.

साडीबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून लिहितो, कारण आमच्याकडे निम्मा घोळ तिथेच. निऱ्यांचा गोळा बेंबीखाली असतो. बेल्ट ओढून खटका लावला की तो त्या गोळ्याच्या वर बसतो, म्हणजे थेट पोटावर. आजींना मी दार उघडून सांगतो, "आजी, बूड पार मागे टेकवा. आता खालचा पट्टा दोन्ही हातांनी निऱ्यांच्या खाली ढकला, मांडीकडे. आता खांद्याकडचा वर ओढा." शेवटचं वर ओढणं विसरू नका, त्यानेच खालची ढील निघते. मग पट्टा पीळ पडलेला नाही ना, ते बोट फिरवून बघतो. पदर पट्ट्याखाली चपटा. शाल घ्यायची तर पट्ट्याच्या वरून. मंगळसूत्राची वाटी, चष्म्याचं घर, बटवा, ब्लाउजात खोचलेला मोबाईल, यातलं काहीही पट्ट्याच्या आत नको. दोनदा असं करून दिलं की तिसऱ्यांदा आजी स्वतःच करतात, वर शेजारणीलाही शिकवतात.

सीटची पाठ उभी ठेवा. चाकरमानी पहाटे माणगावला पोचतात तोवर पुढची सीट पार आडवी झालेली असते. झोपा की, पण पाठ पाडलीत की खांद्याचा पट्टा छातीपासून सुटतो आणि धडकेत माणूस कमरपट्ट्याखालून पुढे घसरतो. आणि ते डॅशबोर्डवर पाय! गणपतीपुळ्याची वळणं आली की मुंबईच्या पाहुण्यांना पाय वर घ्यायची हुक्की येते. त्यामागेच एअरबॅग असते हो. ती फुटली तर गुडघे तोंडावर येतात. मी गाडी कडेला घेतो आणि पाय खाली येईपर्यंत उभा राहतो. चिडतात. चिडू देत.

तुमच्या अंगणातला बेल्ट बिघडलेला नाही. आत गुंडाळीपाशी गोळी किंवा लोलक असतो. गाडी एकदम थांबली किंवा जास्त कलली की तो हलतो आणि गुंडाळीचे दात अडकतात. तुमचं अंगण त्याला कललेली गाडी वाटतं. पट्टा पूर्ण आत जाऊ द्या, मग हळू ओढा. तरी नाही निघाला तर गाडी तशीच चालीने सपाटीवर आणा आणि मोठ्या रस्त्याला लागायच्या आधी लावा. हिसका दिला तरी तो अडकतो, ती त्याची दुसरी सोय. तीच परीक्षाही समजा. सपाटीवर जोरात झटका द्या. अडकला तर गुंडाळी शाबूत. झटका देऊनही भसाभस बाहेर आला तर गॅरेजला न्या.

बहिणीचं मी बोलत नाही, त्यातलं कळणारं कोणीतरी इथे असेल.

प्रसूती कक्ष

आहे. मी रत्नागिरीला परिचारिका आहे, बाळंतिणींमध्येच दिवस जातो.

सासूबाईंची काळजी खरी आहे, पण पट्टा न लावणं हे त्यावर उत्तर नव्हे. पोटावर नको एवढंच बरोबर. कमरेचा पट्टा पोटाच्या खाली, कमरेच्या हाडांवर, मांड्यांना लागून. पोटाच्या मधोमध कधीच नाही, वरूनही नाही. खांद्याचा पट्टा दोन स्तनांच्या मधून खाली येऊन पोटाच्या कडेने जाऊ द्या. शेवटच्या महिन्यांत कमरेचा पट्टा चालता चालता वर सरकतो, तेव्हा वाटेत कुठे थांबलात की परत खाली ढकलायचा.

पुढे बसणार असेल तर सीट जमेल तेवढी मागे घ्या, डॅशबोर्डपासून पोट लांब राहतं. मागे बसली तरी उत्तम, फक्त पट्टा तसाच.

एक गोष्ट जरूर लक्षात ठेवा. गाडीला थोडीशी जरी धडक बसली आणि तिला काही दुखत नसलं, तरी त्याच दिवशी दवाखान्यात दाखवा. पोटाला बसलेल्या धक्क्याने वार (बाळाची नाळ जिला जोडलेली असते ती) आतून सुटू शकते आणि बाहेरून कधीकधी काही कळतच नाही. रक्त गेलं, पोट कडक झालं, बाळ हलेना झालं तर एक मिनिटही थांबू नका.

मुंबईचा पावणा

बरं बाबा, मागे पण लावतो. पण भाच्याचं काय? सात वर्षांचा आहे. गणपतीत येतो तेव्हा दोन सीटच्या मध्ये उभा राहून आरत्या म्हणतो. बसवला की त्यालाही बेल्ट गळ्यावरच येतो.

घाटउतार

पावणे, आता मुद्द्यावर आलात.

दोन सीटच्या मधली उभी जागा गाडीतली सगळ्यात वाईट जागा. करकचून ब्रेक लागला की तो सरळ काचेकडे. आधी त्याला खाली बसवा, आरत्या बसूनही म्हणता येतात.

त्याला बूस्टर सीट लागते. गाडीचा बेल्ट मोठ्या माणसाच्या हाडांच्या मापाने बनवलेला असतो. उंची साधारण १४५ सेंटिमीटर, म्हणजे पावणेपाच फूट होईपर्यंत तो मुलाला नीट बसत नाही, खालचा पट्टा पोटावर आणि वरचा गळ्यावर येतो. दापोलीच्या ताईंची आई बरोबर त्या काठावर आहे, म्हणून त्यांनाही तोच त्रास. बूस्टर मुलाला वर उचलतो आणि खालचा पट्टा धरून ठेवायला त्याला खाचा असतात. घरच्या उशीला त्या नसतात, म्हणून उशी म्हणजे बूस्टर नव्हे. बूस्टर लागतो का ते ओळखायचं कसं? पाठ सीटला टेकवून गुडघे सीटच्या कडेवर वाकतात का, खालचा पट्टा मांड्यांवर आणि वरचा खांद्याच्या मध्यावर येतो का, आणि पूर्ण प्रवासभर तो तसाच बसू शकतो का. एकही नाही म्हटलं तर बूस्टर हवाच.

मांडीवर घेऊन दोघांना एकच बेल्ट लावतात तेही बघतो. तसं अजिबात नको, धडकेत मोठ्या माणसाचं वजन पोरावर येतं. तान्ह्यासाठी मागे तोंड असलेली सीट असते, ती पुढच्या एअरबॅगसमोर कधीच लावायची नाही. १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा मुलांची सीट नसेल तर त्याचेही १००० रुपये त्याच कलमात आहेत, आणि ते ड्रायव्हरकडून घेतात. म्हणजे माझ्याकडून. त्यामुळे माझ्या गाडीत यावर चर्चा नसते.

दापोलीकरीण

सगळ्यांचे आभार. खांबावर बटण होतं! सीट कव्हरवाल्याने त्यावर शोभेची पट्टी ठोकली होती, ती उचकटल्यावर सापडलं. कडी खाली आणली, बेल्ट आता खांद्यावर येतो, मानेपासून दोन बोटं लांब. निऱ्यांखाली ढकलायचं आईला मी सांगितलं तर पटेना. घाटउतार दादांचं लिहिलेलं वाचून दाखवलं तेव्हा पटलं, "ड्रायव्हर आहे ना तो, त्याला कळतं" म्हणाली. मी काय तिला बैलगाडीतून नेत होते?

त्याच कव्हरवाल्याने मागची तिन्ही बकलं कव्हराखाली गाडून टाकलीयत. आज कात्री घेऊन बसणार आहे. बहीण शनिवारी येतेय, सासूबाईंना प्रसूती कक्षवाल्या ताईंचा प्रतिसाद जसाच्या तसा पाठवला.

अजून एक विचारते. मागचा डावा बेल्ट ओढला तर निघतो पण परत आत जात नाही, लोंबत राहतो. पावसाळ्यात त्यावर बुरशीही धरली होती.

कोळथरेकर

हा रोग समुद्रकाठच्या सगळ्या गाड्यांना आहे. माझ्या गाडीत पुळणीवरची वाळू बकलात गेली की खटकाच बसत नाही, वर टेकल्यासारखा वाटतो पण ओढलं की सुटून येतो. गॅरेजवाल्याने तेल सोडू का विचारलं, मी नको म्हटलं. बरोबर केलं ना? आणि भावाने सेकंडहँड गाडी घेतलीय, समोरून ठोकलेली होती असं मागाहून कळलं. तिच्या बेल्टचं काही बघावं लागतं का?

घाटउतार

तेल नको, बरोबर. तेलाला वाळू चिकटते आणि आतून लेप बसतो. गाडी धुवायच्या ठिकाणी व्हॅक्यूमची बारीक नळी लावून बकलातली वाळू ओढून घ्या. एवढ्याने खटका स्पष्ट वाजला आणि ओढून सुटला नाही तर ठीक, नाहीतर बकल बदला. खटका बसलाय असं नुसतं वाटून उपयोग नाही, दर वेळी पट्ट्याची बकलात बसणारी जीभ एकदा ओढून बघायची सवय ठेवा.

ताई, लोंबणारा पट्टा बहुतेक मळलेला आहे. खारी हवा, घाम, हर्णैहून आणलेल्या मासळीचं पाणी, सगळं त्यात मुरतं. पट्टा वरच्या ज्या कडीतून वळतो तिथे काळं चिकट किटण साठतं, तेच त्याला आत जाऊ देत नाही. पट्टा पूर्ण बाहेर ओढा, वर चिमटा लावा म्हणजे परत आत जाणार नाही. कोमट पाणी, साधा साबण, मऊ ब्रश, वरून खाली. कडी ओल्या फडक्याने पुसा. ब्लीच, ॲसिड, रंग यांतलं काही नको, धागा कमजोर होतो. सावलीत पूर्ण वाळू द्या आणि मगच चिमटा काढा. ओला आत गेला तर बुरशी पुन्हा येणारच. धुतल्यावरही लोंबत राहिला तर आतली स्प्रिंग गेलीय, अख्खी गुंडाळी बदलावी लागेल. कडा उसवलेल्या किंवा कापलेल्या असतील तर धुवत बसू नका, पट्टाच नवा घाला.

कोळथरेकर, भावाची गाडी रस्त्यावर काढायच्या आधी बेल्ट बघाच. जोरात ठोकलेल्या गाडीत माणसाचा भार घेतलेला बेल्ट परत वापरायचा नसतो, धागे आतून ताणले जातात, वरून दिसत नाही. नव्या गाड्यांत धडकेच्या क्षणी पट्टा करकचून ओढून घेणारी छोटी स्फोटक नळी असते, ती एकदा उडाली की संपली. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा लाल दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. लागलाच नाही तर बल्ब काढून ठेवला असेल, विझलाच नाही तर आत काहीतरी गेलेलं आहे. पट्टा पूर्ण ओढून शेवटपर्यंत बघा, कडीपाशी कापड वितळल्यासारखं चकचकीत झालेलं असेल तर त्याने धडक खाल्लेली आहे. लेबलावरची तारीख गाडीच्या वर्षाशी जुळते का तेही बघा. बदलायचा तर कंपनीचा घ्या, भंगारातला स्वस्त मिळतो तो दुसऱ्या कोणत्यातरी ठोकलेल्या गाडीतलाच असतो.

मी आता विमानतळाला निघतोय, सकाळी उत्तर देईन.

कोळथरेकर

लाल दिवा लागतच नाहीये. उद्या गॅरेजला.